मझलच्या साडीतली कुसळं

मझल गेल्याला सात आठवडे झाले, तेव्हा जावई इलान तिची बॅग घेऊन पनवेलला आला. लेकीकडे, नोगाकडे, इस्राएलला राहायला गेलेली मझल तिथेच झोपेत गेली. दुसऱ्याच दिवशी दफन झालं. नवऱ्याला, नाथनना, पोहोचता आलं नाही. त्याआधी चार महिने ती "या हो" म्हणत होती आणि ते गुडघ्यांचं कारण सांगत होते.

बॅगेतली निळी साडी झटकताना त्यांच्या बोटाला काहीतरी टोचलं. फॉलमध्ये चार-पाच कुसळं रुतली होती. इथल्याच, बेलपाड्याच्या डोंगरावरची असतील, असं आधी वाटलं. पण नाथननी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. चष्मा पुसून ते खिडकीशी गेले. दोन दाणे एकमेकांना घट्ट धरून, अंगावर तांबूस लव, प्रत्येकाला बोटभर लांब, मधेच वाकलेलं कुसळ.

"रानओट," ते म्हणाले. "भूमध्य समुद्राकाठचं गवत. खायचा ओट कापणीपर्यंत धाटावर थांबतो. हा पिकला की गळतो, जोडीनंच."

बशीत ठेवून त्यांनी त्यावर पाणी शिंपडलं. कुसळाचा पीळ उलगडत गेला, दाणा हळूहळू पुढे सरकला.

"असाच स्वतःहून मातीत शिरतो. कुठे फिरायची ती?"

"घरामागच्या टेकडीवर. रोज." इलान जरा थांबला. "नोगा म्हणायची, 'आई, बाबांना फोटो पाठव, नाव सांगतील.' तर म्हणाल्या, 'फोटो पाठवला तर ते यायचेच नाहीत. आले की विचारीन.'"

नाथननी जोडी बशीतून उचलून रुमालानं टिपली.

"कुंडीत लावू या का, बाबा?"

"नको. परकं तण आहे. इथे पसरलं तर आवरायचं नाही."

त्यांनी कपाटातून वनस्पतींचे नमुने लावायचा जाड कागद काढला, एक जोडी नीट चिकटवली, खाली नाव, महिना, ठिकाण लिहिलं. मग 'संग्राहक' या शब्दापाशी पेन थांबलं. माथेरानपासून कर्नाळ्यापर्यंत मझल पिशवी धरून त्यांच्यामागे हिंडली होती. कितीदा तर झाड आधी तिलाच दिसायचं. शेकडो कागद झाले, आणि प्रत्येकावर त्यांचंच नाव.

त्यांनी 'मझल' लिहिलं. पुढे आडनाव लिहायला गेले, पण अक्षरं दिसेनात. इलाननं हळूच कागद बाजूला ओढला, भिजू नये म्हणून.