फुकटची सिस्टिम

जयवंतने प्रिंटरच्या मागे हात घातला आणि वायर सैल झालीय हे त्याला लगेच कळलं. नुसती आत दाबायची होती. त्याने ती तशीच सोडली आणि खुर्चीत बसून सुस्कारा टाकला.

"कठीण आहे, वहिनी."

मालनवहिनींचा चेहरा उतरला. नायगावच्या त्या चाळीत कॉम्प्युटरच्या बाबतीत जयवंतचा शब्द म्हणजे डॉक्टरचा शब्द. संपानंतर गिरणी सुटली, भले भले हातपाय गाळून बसले, पण हा पठ्ठ्या चाळिशीत कॉम्प्युटर शिकला. जिन्याखाली दुकान थाटून घरोघरी चोरीची विंडोज टाकू लागला. चार महिन्यांत तिच्यात व्हायरस शिरायचा आणि लोक पुन्हा त्याच्याच दारात. पोट भरत होतं, वर मान मिळत होता, आणि त्या मानाची त्याला चटक लागली होती.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या मीनाक्षीने त्याच्या अन्नात माती कालवली. विंडोजच्या जागी इंटरनेटवरून उतरवलेली कुठलीशी फुकटची सिस्टिम ती घरोघरी टाकत सुटली. चोरीची नाही, व्हायरसची कटकट नाही, मराठीतसुद्धा चालते, आणि पोरगी शिकवायलाही तयार! सहा महिन्यांत जयवंतच्या दुकानाकडे कुणी फिरकेना. आज वहिनींनी त्याला बोलावलं तेही मीनाक्षी गावी गेली होती म्हणून. हे त्याला फार लागलं. फुकटात काम करतो तो संपफोड्या, एवढंच तो गिरणीत शिकला होता. संपात असल्यांच्या तोंडाला त्याने स्वतःच्या हाताने काळं फासलं होतं.

वहिनी चहा टाकायला वळल्या तशी त्याने पिशवीतली विंडोजची सीडी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सरकवली. या फुकट्या सिस्टिमचा एकदा बोऱ्या वाजला, की सगळी चाळ सुतासारखी सरळ येईल. पुसण्याआधी 'आत काही महत्त्वाचं आहे का' असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा. आज विचारलं नाही. सगळी डिस्क पुसून टाकली.

वहिनी कपबशी घेऊन आल्या आणि काय छापायचंय ते सांगू लागल्या. त्यांचा नवरा आनंदा जयवंतच्याच खात्यात साच्यावर कापड विणायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. गिरणी कामगारांना मिळणाऱ्या सरकारी घरासाठी त्याचा गिरणीचा पास आणि पगाराच्या चिठ्ठ्या उद्यापर्यंत दाखवायच्या होत्या. मूळ कागद वाळवीने खाल्ले. पण त्याआधी मीनाक्षीने त्यांचे फोटो काढून या मशीनमध्ये ठेवले होते. दुसरीकडे कुठेच नव्हते.

जयवंतने पडद्याकडे पाहिलं. डिस्क कोरी होती. तरी तोंड बोलून गेलं, "आतलं सगळं गेलंय, वहिनी. फुकटच्या वस्तूचं हे असंच."

त्या मटकन खाली बसल्या. रडत रडत त्यांनी मीनाक्षीला फोन लावला, पण शब्द फुटेना म्हणून फोन त्याच्या हातात दिला. आतलं सगळं आपोआप पुसलं गेलंय, असं त्याने सांगितलं.

"काका, घाबरू नका," पलीकडून मीनाक्षी म्हणाली. "पुसलेलं परत काढता येतं. त्याचाही प्रोग्रॅम आहे, फुकटच. फक्त मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा. त्यावर नवीन काही टाकलंत तर कायमचं जाईल. मी निघते, सकाळी सगळं काढून देते."

सगळं परत येईल. मशीन धडधाकट होतं, हेही त्या पोरीला कळेल. मग चाळीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

"करतो बंद," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

वहिनी डोळे पुसत त्याच्याकडे बघत होत्या. "काय म्हणाली?"

"तिला नाही जमणार म्हणते."

त्याने बटण दाबलं. पुसलेल्या डिस्कवर विंडोज उतरायला लागली.

"मीच बघतो काही होतंय का."

"तुम्ही होतात म्हणून बरं, भावोजी," वहिनी म्हणाल्या. त्याचा चहा निवला होता, तो गरम करून आणायला त्या उठल्या.