मधला हिरवा पट्टा

मित्रांनो, मला पाहून कुणीही फसेल. मी काकडीच्या बीएवढी आहे, चपटी, दोन्ही तोंडांनी उघडी, आणि वरवर पाहता माझा रंग धुळीचा. भिंतीवर दिसले तर रंगाचा पोपडा समजून लोक नजर फिरवतात. जमिनीवर पडले तर केरसुणी थांबून विचारतसुद्धा नाही. मी एक जुनी खोळ आहे. उशीला खोळ असते, गादीला असते, तशी मी एका अळीची होते. अळी केव्हाच गेली. मी मात्र अजून आहे, एका शिंपीणबाईच्या बटणांच्या डबीत, कोटाच्या मोठ्या काळ्या बटणाला टेकून. डबी हलली की बटणे खुळखुळतात आणि मला सगळे पुन्हा आठवू लागते.

माझा जन्म हिरव्या अंधारात झाला. एका कपाटाच्या खणांमागे, जिथे हात पोचत नाही आणि उजेडही पोचत नाही, तिथे लोकरीची एक लहानशी टोपी पडली होती. तिच्या घडीत पतंगाची एक इवलीशी मादी अंडी घालून गेली. अंड्यातून केसाएवढी अळी निघाली. तिने इकडे चाचपले, तिकडे चाचपले. जिकडेतिकडे मऊ, जिकडेतिकडे हिरवे. तिने एक धागा कुरतडला, थोडा खाल्ला आणि उरलेला आपल्या तोंडातल्या रेशमाने अंगाभोवती गुंफला. ती गुंफण म्हणजे मी. जे खायचे तेच नेसायचे, असा तिचा साधा संसार होता.

अळी वाढली तशी मीही वाढले. तिने मला आधी एका तोंडाने लांब केले, मग आत उलटी फिरून दुसऱ्या तोंडाने. त्यामुळे माझा मधला भाग सगळ्यात जुना आणि दोन्ही टोके नवी. मी तिला कमरेत घट्ट होऊ लागले की ती मला कडेने चिरायची आणि त्या फटीत नवा तुकडा बसवायची. शिवणाऱ्या बायका याला कळी घालणे म्हणतात. माझ्या अळीला हे कुणी शिकवले नव्हते.

पोट भरले की ती माझ्यात मुडपून पडायची आणि आम्ही दोघी मिळून स्वप्ने पाहायचो. स्वप्नात आमचे सगळे कुळ यायचे. कुळ एक, पण जाती किती! एक जात पाखरांच्या घरट्यात राहते. पिल्ले उडून गेली की मागे राहिलेल्या पिसांवर तिचे भागते. एक कबुतरांच्या वळचणीला असते. एक जात तर घुबडाने ओकून टाकलेल्या केसांच्या गोळ्यांवर जगते आणि तिला त्यात काही कमीपणा वाटत नाही. सगळ्यांचे पंख धुरकट, त्यांवर जुन्या सोन्याची पुसट झाक. कुणाच्या पंखावर तीन ठिपके, कुणाच्या एकही नाही. कोण कुठल्या जातीचे हे जाणत्या माणसालाही भिंगाशिवाय सांगता येत नाही. लोक आम्हाला सरसकट 'कसर' म्हणतात आणि कपाळाला हात लावतात. पण खरे सांगू? आम्ही कुणाच्या अंगावरचे ओढून घेत नाही. कुणीतरी उतरवून ठेवलेल्या आणि विसरलेल्या उबेवर आमचे पोट आहे.

ती टोपी अशी विसरली कशी गेली, हे मला पुढे घरातल्या बोलण्यावरून कळले.

त्या घरात ठकी नावाने हाक मारली जाणारी एक लहान मुलगी होती आणि तिची आई होती. आई फार जपणारी. ठकी झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतो का ते बघायची. आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवायची, एकदा नाही, तीनदा. ठकी शिंकली की आईला घाम फुटायचा. ठकीच्या आजीने, म्हणजे आईच्या आईने, ती हिरवी टोपी विणली होती. विणतानाच आजीचे हात थरथरायला लागले होते. शेवटची ओळ तिने आठ दिवस घेतली आणि वर एक भलामोठा गोंडा लावून म्हणाली, "हे माझं शेवटचं विणकाम. आता सुई धरवत नाही. पोरीच्या डोक्यावर बसली की मला दाखव."

पण आईला टोपी घालायचा धीर होईना. मळेल. ओढली जाईल. ठकी चावेल. "चांगल्या दिवशी घालू," म्हणत तिने ती सगळ्यात वरच्या खणात, अगदी मागे, नीट घडी करून ठेवली. खण भरत गेला, टोपी मागे सरकत गेली आणि एक दिवस खणाच्या पाठीवरून पलीकडे घसरली. तिथेच माझ्या अळीची आणि तिची गाठ पडली.

काही आठवड्यांनी अळी मला ओढत फटीतून बाहेर आली. कपाटाच्या कडेला ठकीचे गुलाबी लोकरी पांघरूण लोंबत असायचे. माझ्या दोन्ही टोकांना गुलाबी काठ लागला, त्यापुढे थोडी राखाडी धूळ. मग तिने मला जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीला चिकटवले आणि आत गप्प झाली. मी तिथे असतानाच ते भांडण झाले.

ठकी तीन महिन्यांची असताना तिची आत्या पंधरा दिवस मदतीला राहून गेली होती. तिचे कपडे दुरुस्तीचे दुकान होते. जाताना ठकीला लहान झालेले कपडे निवडून तिने दवाखान्यातल्या आयाबाईंना नेऊन दिले होते. त्या दिवशी ती सहज ठकीला बघायला आली, आणि खण उचकूनही टोपी न सापडलेल्या आईने तिला बसूही दिले नाही.

"ताई, त्या पिशवीत हिरवी टोपी घातली होती का तुम्ही?"

"टोपी? झबली दिली, दुपटी दिली. टोपी नव्हती बाई."

"मग गेली कुठे? खण तुम्हीच आवरला होता."

"आवरला होता. लुटला नव्हता."

"तुम्हाला जुनं ते सगळं चिंधीच वाटतं, ताई. जन्म गेला कात्री चालवण्यात, तुम्हाला काय कळणार एखाद्या वस्तूचं मोल?"

आत्या दाराकडे वळली. मग चपला पायांत सरकवत म्हणाली, "ठकीची वस्तू आणि मी चिंधी म्हणेन? बरं. येते मी." ती गेली ती पुन्हा आलीच नाही. ठकीचा बाबा दोघींच्या मध्ये पडायला गेला आणि दोघींकडून बोलणी खाऊन बसला.

मला सगळे ठाऊक होते, मित्रांनो. टोपी माझ्यापासून दोन हातांवर होती. पण खोळीला तोंडे दोन असली तरी बोलायला एकही नसते.

त्याच सुमारास माझी अळी माझ्या आत पतंग झाली आणि वरच्या तोंडाने बाहेर पडली. तिच्या पंखांवर तीन ठिपके होते. ती दिव्याकडे गेली नाही. आमच्या जातीला उजेडाचे वेड नाही. आता तिला खायचेही नव्हते, थोडे दिवस नुसते उडायचे होते. भिंतीच्या कडेकडेने ती गेली, आणि मी रिकामी झाले. रिकामे होणे कसे असते सांगू? झोप लागली आहे, पण झोपलेले कुणीच नाही, तसे.

एका सकाळी आजीचा फोन आला. "रविवारी येतेय गं. टोपी घालून ठेव पोरीला." आई "हो" म्हणाली, फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसली. रविवारला चार दिवस होते. ती तशी शून्यात बघत असताना रांगत आलेल्या ठकीने मला भिंतीवरून उपटले आणि तोंडात घातले.

पुढचे फार भराभर झाले. आईचे बोट, ठकीचे भोकाड, रुमालात मी, आणि आम्ही तिघी बालडॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर.

"काय आहे हो हे? विषारी आहे का? अंडी असतील का यात? पोटात गेलं असेल का थोडं?"

डॉक्टरीणबाईंनी ठकीचा घसा पाहिला, मग काटे काढायचे भिंग घेऊन मला पाहिले आणि चक्क हसल्या. "पतंगाच्या अळीची खोळ आहे ही, रिकामी. लहानपणी मी जमवायचे. पूर्ण गिळली असती तरी बिघडलं नसतं, आतून जरा ऊब मिळाली असती." त्यांनी भिंग आईच्या हातात दिले. "बघा तरी. ही अळी जिथे राहते तिथल्या लोकरीचं घर करते. टोकाला गुलाबी दिसतंय ना?"

"ते ठकीचं पांघरूण."

"आणि मधला भाग सगळ्यात आधीचा. तो हिरवा आहे. म्हणजे हिचा जन्म हिरव्या लोकरीत. काय आहे तुमच्याकडे हिरवं?"

आई भिंगातून पाहत राहिली. "काही नाही," ती म्हणाली. "म्हणजे होतं. आता घरात नाही."

"घरातच असणार. खोळ पाठीवर घेऊन ती किती लांब जाईल?"

घरी येताच आईने वरचा खण अख्खा बाहेर ओढला. कपडे जमिनीवर सांडले. तिने खांद्यापर्यंत हात मागे घातला आणि तो बाहेर आला तेव्हा त्यात टोपी होती. धुळीने माखलेली, गोंडा चपटा झालेला, आणि तीन भोके. भोके आमची. आईने टोपी झटकली, छातीशी धरली, मग ठकीच्या डोक्यावर घातली. ती कानांच्या वरच अडकली. ठकीचे डोके टोपीसाठी थांबले नव्हते.

आई तेव्हा रडली. मी रुमालातून पाहत होते. चांगल्या दिवसाची वाट बघता बघता तिचे बरेच चांगले दिवस निघून गेले होते. आणि जिला नको ते बोलली, तीच एकटी हे दुरुस्त करू शकत होती.

दुकानात आत्या मशीनवर होती, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. कडेवर पांघरुणात गुंडाळलेली ठकी आणि हातात टोपी घेऊन आई दारात उभी राहिली. शिवण अर्ध्यात सोडायची नाही, अशी आत्याची पद्धत. तिने शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, टाचणी काढली आणि मग वर पाहिले.

"सापडली," आई म्हणाली. "माझ्याच कपाटामागे. ताई, मी तुम्हाला जे बोलले..."

"कसर लागलीय."

"हो. आणि लहानही झालीय. ताई, मी..."

"डोकं आण इकडे."

"माझं?"

"तुझ्या डोक्यात मापण्यासारखं काय आहे? ठकीचं!"

आईला हसू आले आणि रडूही आले. आत्याने ठकीच्या डोक्याभोवती टेप फिरवली, टोपी उलटी केली, ताणून पाहिली. "भोकं भरता येतील. गोंडा उसवला की हीच लोकर मिळेल. पण बसायची असेल तर कडेने कापावी लागेल."

"कापायची? आईची टोपी?" आईची मूठ टोपीवर आवळली.

"नाही तर ठेव परत कपाटात," आत्या शांतपणे म्हणाली.

मग आईने रुमाल उलगडला, मला टेबलावर ठेवले आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितले ते सगळे सांगितले. आत्याने कापडाची वीण पाहायचे भिंग डोळ्याला लावले. माझ्यावर इतक्या प्रेमाने कुणीच कधी वाकले नव्हते.

"अगं, हिने कळी घातलीय!" आत्या जवळजवळ ओरडलीच. "हे बघ, इथे चीर, इथे नवा तुकडा. शिवण शोधून सापडत नाही! मापं घेतली नाहीत, खडूची रेघ नाही. अशी एक बाई दे गं मला दुकानात."

"चिरल्यावर उसवत नाही?"

"दोन्ही कडांना आधी टाके घालायचे, मग कात्री. हिला कळतं ते मला कळत नाही होय?"

आईने ठकीच्या पांघरुणाकडे पाहिले. मग मूठ उघडली, टोपी टेबलावर ठेवली आणि टेबलाच्या कडेची मोठी कात्री उचलून स्वतःच्या हाताने आत्याला दिली. त्या दोघींत माफी एवढीच झाली. आत्याने पांघरुणाच्या कोपऱ्याचा तुकडा मागितला, आणि आईने एकदाही "सांभाळून" म्हटले नाही.

रविवारी मी आत्याच्या डबीत बसून त्यांच्या घरी गेले. आजी आली. तिची थरथरणारी बोटे ठकीच्या डोक्यावरून फिरली, गुलाबी कळीवर थांबली, मग वर जाऊन रिकामी परतली. "गोंडा कुठे?"

आत्या तोंड उघडणार तोच आई पुढे झाली. "आई, ताईंनी उसवला, पण चूक माझी. टोपी मी जपून जपून हरवली. घातलीच नाही कधी. कसरीने खाल्ली."

आजीने टोपीचा काठ चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाली, "मी काय संग्रहालयासाठी विणली होती? आणि गोंड्याचं म्हणशील तर मला तो कधीच आवडला नव्हता. लोकर उरली होती म्हणून लावला." तिने आत्याकडे मान वळवली. "कळी छान बसवलीस गं. कुठे शिकलीस?"

आत्याने डबीवर टिचकी मारली. माझ्या शेजारची बटणे खुळखुळली.

इतक्यात ठकीने डोक्यावरची टोपी ओढून काढली आणि काठ तोंडात घालून चावायला लागली. आईचा हात अर्ध्यापर्यंत गेला. तिथे थांबला. मग मागे आला आणि मांडीवर स्वस्थ पडला. ठकीने मनसोक्त चावले.

मी अजून डबीत असते. आत्या गिऱ्हाइकांना मला दाखवते आणि दर वेळी माझी लांबी थोडी वाढवून सांगते. अंधार असला की मला स्वप्ने पडतात. एक धुरकट सोनेरी पंख भिंतीच्या कडेने जातो, आणि कुठेतरी हिरवे काही मऊ मऊ वाट पाहत असते.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. कुणावर बोट ठेवण्याआधी आपला खण पुरता बाहेर ओढा आणि खांद्यापर्यंत हात मागे घाला. जे मऊ, उबदार हाताला लागेल, ते झटका, उन्हात धरा आणि अंगावर घाला. मळू दे, लहान झाले तर कळी घाला. आम्ही उपाशी राहू याची काळजी करू नका. पाखरांची रिकामी घरटी पुष्कळ आहेत.