अंजनाचा वाफा

“मेलीत ही सगळी. उपट,” असं म्हणून बागेचे ओव्हरसियर अण्णाराव यांनी छत्रीचं टोक अंजनाच्या वाफ्याकडं रोखलं. काशम्मा जागची हलली नाही.

रस्त्याकडेला लावायची रोपं सोलापूरच्या वेशीबाहेरच्या या बागेत वाढत, आणि त्यांच्यासाठी काशम्मा सोळा वर्षं विहिरीचं पाणी वाहत होती. अण्णारावांना येऊन आठ महिने झाले होते. झाडांतल्या दोनच गोष्टी त्यांना कळत: हिरवं दिसतं ते चांगलं, आणि साहेबाला दिसतं ते फार चांगलं. दोन वर्षं पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता, विहिरीतून पाण्यापेक्षा गाळ जास्त येत होता, आणि गुरुवारी मोठे साहेब पाहणीला यायचे होते.

अंजनाची रोपं तीन वर्षांची, उंची वीतभर. पाणी तुटलं तशी त्यांनी पानं गाळली, शेंडे वाळवले आणि काड्या होऊन उभी राहिली. काशम्माला त्याचं नवल नव्हतं; मागचे दोन उन्हाळेही त्यांनी हेच केलं होतं. वरचं सोडून द्यायचं आणि खाली ओल शोधत जायचं, हा या झाडाचा स्वभाव. लाडावू नयेत म्हणून तीही मुद्दाम पाचव्या दिवशीच पाणी देई. हे सगळं तिनं अण्णारावांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग मधल्या चार दिवसांचं पाणी कुणाच्या घरी जातं?

काशम्मानं एका काडीवर बोट ठेवलं.

“चोर म्हना, सायेब. पर आदी नख लावून बगा की. आतनं हिरवी हायत.”

नखात माती जाईल म्हणून अण्णारावांनी नख काही लावलं नाही. एक रोप मुठीत धरून ओढलं. ते येईना. दोन्ही हातांनी हिसडा दिला तेव्हा काडी बुंध्याशी तुटली, आणि सालीखालची ओली हिरवी कड उघडी पडली. ती त्यांनी पाहिली. त्यांनी पाहिली हे काशम्मानं पाहिलं.

“दिसलं न्हवं?”

“दिसलं,” अण्णाराव हात झटकत म्हणाले. “साहेब काय नखानं झाडं बघत बसणार आहेत? बिरप्पाला म्हणावं नांगर घाल. गुलमोहर लावू इथं.”

न कळून केलं असतं, तर काशम्मानं एखादे वेळी पोटात घातलंही असतं.

बिरप्पा गड्याचा नांगर पहिल्याच ओळीत अडला. बैल फुरफुरले. त्यानं खाली बसून माती उकरली, तर वीतभर काडीखाली मूळ हातभर गेलेलं, तरी त्याचा शेवट दिसेना.

“मावशे,” तो हळूच म्हणाला, “मेल्या झाडाला येवढं मूळ आसतंय व्हय?”

अण्णारावांनी छत्रीखालूनच कुऱ्हाड मागवली.

संध्याकाळी गुलमोहराच्या रोपांच्या पाट्या आल्या. लावायला काशम्माला सांगितलं, तेव्हा ती अण्णारावांच्या समोर येऊन उभी राहिली.

“हितं माज्या हातानं मी काय लावायची न्हाय. काडायचं तर कामावरनं काडा. पानी तेवडं घालीन. ह्या नव्या रोपांनी काय केलंय?”

काढलं तर गाळातून पाणी कोण काढणार, हा हिशेब अण्णारावांना लगेच कळला. रोपं दुसऱ्यांनी लावली.

गुरुवारी साहेबांनी मोटारीतून न उतरता मान डोलावली. शनिवारी गुलमोहरांनी माना टाकल्या, आणि अण्णाराव त्या बाजूला फिरकेनासे झाले. काशम्मा गाळाचं पाणी फडक्यातून गाळी आणि एकेका रोपाला घाली. बांधाला अंजनाची तोडलेली मुळं वाळत पडली होती. भरली घागर कमरेवर घेऊन ती त्यांना वळसा घालून जाई. त्यांच्यावर तिचा पाय पडला नाही.