केझायाचा उपडा हंडा

मी एक जुना बिडाचा हंडा आहे. तीन पायांचा, त्यातला एक मोडका. मित्रांनो, माझ्याकडे जरा नीट बघा, कारण गेली कित्येक वर्षं लोकांनी फक्त माझ्यातली फुलं बघितली. नाही, थांबा. फुलांचं नंतर. माझं हे असंच होतं, जीव स्वस्थ बसत नाही आणि शेवटचं आधी तोंडात येतं.

अमेरिकेत, जॉर्जियामधल्या एका नदीकाठी, लार्कमूर नावाचा कापसाचा मळा होता. भट्टीतून नवाकोरा मी तिथे आलो आणि उतरवतानाच मुकादमाच्या हातून निसटून दगडावर आपटलो. पाय मोडला माझा, चूक मुकादमाची, आणि चाबूक बसला गाडी हाकणाऱ्या गुलामाला. तिथला न्याय मला पहिल्याच दिवशी कळला.

परसातल्या ओकच्या झाडाखाली, मोडक्या पायाला विटेचं टेकण देऊन मला बसवलं. माझी धनीण केझाया. धनीण मी म्हणतो हो, तिच्या मालकीचं काहीच नव्हतं. तिचे हात मालकाचे, तिची आठ वर्षांची लेक टेम्पीसुद्धा मालकाचीच. बंगल्यातले सगळे कपडे ती माझ्यात उकळायची, राखेच्या पाण्यात चरबी घालून साबण करायची, थंडीत डुकरं कापली की त्याचंही पाणी माझ्यातच तापायचं.

"ए लंगड्या, आज धूर करू नकोस हं," ती मला दटावायची. "डोळे फुटायची वेळ आलीय माझी."

"आई, त्याला कान कुठायत?" टेम्पी काटक्या सारता सारता विचारायची.

"कान नाहीत म्हणून तर बोलते. कान असलेल्यांशी बोलायची सोय आहे का इथे?"

माझं दुसरं काम रविवारी तिन्हीसांजेला असायचं. गुलामांनी जमून देवाचं नाव घ्यायचं नाही, असा मालकाचा हुकूम होता. म्हणून केझायाच्या खोपटात सगळे गुपचूप जमत आणि मला दाराशी उपडा ठेवत, काठाखाली एक काटकी घालून. त्यांची श्रद्धा अशी, की आतलं गाणं आणि रडणं मी गिळतो, मुकादमाच्या कानापर्यंत जाऊ देत नाही.

खरं सांगू? लोखंड आवाज गिळतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. पण एवढी माणसं जीव मुठीत धरून भरवसा टाकतात, तर मी नाही कसं म्हणणार? मी श्वास रोखून बसायचो. एकदा मुकादमाचा घोडा अगदी दारापर्यंत आला, थबकला आणि निघून गेला.

"गिळलं रे बाबा लंगड्याने!" म्हातारा कफी म्हणाला आणि सगळे तोंडावर हात दाबून हसले.

मग मालकाच्या मुलीचं लग्न निघालं. आठवडाभर माझ्यात टेबलांवरच्या चादरी उकळत होत्या. आदल्या दिवशी मालकीणबाई स्वतः परसात आल्या.

"केझाया, आमच्या लिडियाबरोबर टेम्पी जाईल. आहेराच्या सामानात. चांगल्या घरी चाललीय, उगाच तोंड पाडून बसू नकोस."

"होय, बाईसाहेब," केझाया म्हणाली. तिचे हात उकळत्या पाण्यात काठी फिरवत राहिले. मला वाटलं, आता ही मला लाथाडेल, विस्तवात लोटेल. तिने काहीच केलं नाही, आणि तेच मला सोसेना.

दुसऱ्या दिवशी हिरवळीवर फिडल वाजत होतं. चांदीची भांडी, गोधड्या, आरसे आणि त्या सगळ्यावर टेम्पी, अशी गाडी भरली गेली. पाहुण्यांसमोर रडायचं नाही अशी ताकीद होती. केझाया परसात धावत आली. मला रिकामा केला, उपडा केला, काठ उचलून खांद्यापर्यंत डोकं आत घातलं आणि लेकीला हाक मारली. एकच हाक. माझं सगळं अंग झणझणलं. हिरवळीवर फिडलची एक तारसुद्धा चुकली नाही. गाडीतून टेम्पीने एवढंच पाहिलं, आईची वाकलेली पाठ आणि हंड्यात गेलेलं डोकं. गाडी अलाबामाच्या रस्त्याला लागली.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध झालं, गुलामी संपली. कफी गाठोडं बांधून आला. "चल की गं, केझाया! आता कोण अडवतंय?"

"आणि पोर आली तर? हंडा इथे, मी तिकडे. ती शोधणार कुठे मला?"

ती गेली नाही. केस पिकले तरी माझ्याजवळ उभी राहून रस्त्याकडे बघत कपडे धूत राहिली. एका हिवाळ्यात तिथेच गेली. तिची हाक मात्र माझ्यातच राहिली, पोचवायची राहिलेली.

नंतर मला कुणी विचारलं नाही. गंज चढला, कोंबड्यांनी अंडी घातली. मग बंगल्याला रंग लागला आणि तिथे भाड्याने लग्नं होऊ लागली. मला पांढरा रंग फासला, पाणी झिरपावं म्हणून बुडाला भोक पाडलं, माती भरून पेटुनिया लावल्या. "किती गोंडस!" म्हणत पोरी माझ्याशेजारी फोटो काढायच्या. आणि मी? दर शनिवारी नवरीची गाडी सुरू झाली की माझा थरकाप व्हायचा. आज कुणाची लेक नेतायत?

अशाच एका शनिवारी जनेल नावाची मुलगी मैत्रिणीच्या लग्नाला आली. बरोबर जांभळी हॅट घातलेली तिची व्हर्लीन आत्या.

"आत्या, खुर्च्या तिकडे आहेत. आणि हॅट सरकलीय तुझी."

"हॅट गेली खड्ड्यात! पत्रिकेत लार्कमूर वाचलं म्हणून आले मी. माझी आजी काय सांगायची? ओकचं झाड. तीन पायांचा हंडा, एक पाय मोडका." तिने माझ्या काठावर लोंबलेल्या फुलांतून हात घातला, खाली चाचपडली आणि मोडका पाय शोधला. "जनेल... हाच गं."

आणि तिने मुठी मुठी भरून पेटुनिया उपटायला सुरुवात केली. तिथली व्यवस्था बघणारी ब्रूक धावत आली.

"मॅडम! अहो मॅडम, ते डेकोरेशन आहे!"

"डेकोरेशन? बाळ, ह्याच्यात माझ्या खापरपणजीचा आवाज आहे. सरक बघू."

दोघींनी मिळून मला उपडा केला. सगळी माती त्या छाटलेल्या हिरवळीवर पसरली. आत्या तिथेच मातीत बसली. जनेलने काठ उचलून धरला आणि आत्याने आत डोकं घातलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

"केझाया," ती म्हणाली, "मी टेम्पीच्या लेकीची नात. टेम्पी जगली गं. सात पोरं झाली तिला. दोनदा निघाली होती तुझ्याकडे यायला. एकदा पूर आडवा आला, एकदा बाळंतपण. तू काय ओरडलीस ते तिला ऐकू आलं नाही, पण तिने बघितलं होतं. मरेपर्यंत सगळ्यांना सांगत होती, माझ्या आईने मला हाक मारली म्हणून!"

मी सवयीने श्वास रोखला. पण बुडाला भोक होतं ना! आवाज तिथून उसळून बाहेर पडला आणि हिरवळभर गेला. खुर्च्या मांडणारे थांबले. माडीच्या खिडकीत नवरी येऊन उभी राहिली. लग्नात वाजवायला आलेल्या फिडलवाल्याची तार ह्या वेळी चुकली.

"ऊठ, आत्या," जनेल डोळे पुसत म्हणाली.

"ह्याला घेतल्याशिवाय मी हलत नाही."

ब्रूकने मातीकडे बघितलं, फाटकातून येणाऱ्या पाहुण्यांकडे बघितलं. "न्या," ती हळूच म्हणाली. "न्याच तुम्ही."

ज्या रस्त्याने टेम्पी गेली, त्याच रस्त्याने, ट्रकमध्ये दोरीने बांधून, मी अलाबामाला आलो. आता त्यांच्या चर्चच्या दाराशी असतो. मित्रांनो, कुठे जुनं भांडं शोभेला मांडलेलं दिसलं, तर फुलांचं कौतुक जरूर करा. पण जरा वाकून एवढं विचारा, की हे आधी कुणाच्या हातात होतं.

परवा जनेल म्हणत होती, "आत्या, ते भोक बुजवून घेऊ या का?"

"राहू दे," आत्या म्हणाली. "आता कुणापासून लपवायचंय?"