भट्टीची राख

सुनंदाबाईंना धुळ्यात देवपूरच्या बाजारात वांगी विकायला कधी ओरडावं लागलं नाही. पांझरेच्या पुलापलीकडच्या बायका पिशवी घेऊन थेट त्यांच्याच गोणपाटापाशी यायच्या. भरताचं वांगं कसं असावं, तर सुनंदाबाईंच्या शेतातल्यासारखं : फिकट हिरवं, हाताला भरीव, उचलल्यावर हलकं आणि कापलं तर आत बी जवळजवळ नाहीच. नवरा गेल्यावर दोन एकर कोरडवाहू रानावर त्यांनी विहीर पाडली, मुलाला, जितेंद्रला, वाढवलं, सून आणली, आणि हे सगळं वांग्यांवर. म्हणून त्या वांग्यांबद्दल कुणी वाकडं बोललेलं त्यांना खपत नसे.

आणि आता त्या स्वतःच बोलत होत्या. ऐन थंडीत, भरताच्या मोसमात, त्यांच्या रानात वांगी झाडावरच पिवळी पडत होती आणि त्या तोडायला तयार नव्हत्या. गाव म्हणत होतं, बाईचं डोकं फिरलं.

मूळ होतं राखेत. गावाच्या वरच्या अंगाला, हायवेपासून आत, रतिलाल शेठची भट्टी होती. ट्रकांच्या जुन्या बॅटऱ्या तिथे फोडायच्या आणि त्यातलं शिसं वितळवायचं. मागे राखेचे ढीग पडायचे. करडी, मैद्यासारखी बारीक राख. आपल्याकडे राख कधी कुणी टाकून दिली आहे का? माव्याची कीड पडली की झाडावर राख उधळायची, भांडी घासायची तर राखच. पण घराघरात गॅस आला आणि चुलीची राख मिळेनाशी झाली. तेव्हा सुनंदाबाईंनी भट्टीच्या वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, न्या की, आम्हाला फेकायचा त्रास वाचतो. त्यांनी पाटी भरून आणली. मावा दोन दिवसांत साफ. पितळेचा हंडा तर असा निघाला की आरशाची गरज नाही. फुकट ते पौष्टिक म्हणतात तसं झालं. एवढं चांगलं एकटीने कसं वापरायचं, म्हणून त्यांनी भाऊबंदांना सांगितलं, भाऊबंदांनी गावाला. दोन वर्षांत असं घर उरलं नाही की जिथल्या मोरीत भट्टीच्या राखेचं डबडं नाही.

मग डिंपलचं पोट दुखायला लागलं. डिंपल म्हणजे त्यांची नात, पहिलीत जाणारी. पोर जेवेना, पांढरीफटक पडली, पाठ झालेली अक्षरं विसरायला लागली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लक्ष नाही. भगत म्हणाला, नजर. सून नूतनने दोघांचंही ऐकलं नाही आणि तिला धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचा नमुना तपासणीला मुंबईला गेला आणि उत्तर आलं : पोरीच्या रक्तात शिसं आहे, असायला नको तितकं.

या खेपेला सुनंदाबाईही सोबत होत्या. डॉक्टरांनी घरात काय काय आहे ते विचारलं. रंग, खेळणी, जुनी बॅटरी, काहीच नाही. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "भांडी कशाने घासता?"

"राखेने," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि कुठल्या राखेने ते सांगता सांगता त्यांना स्वतःलाच कळलं.

"वांग्यांचं काय, डॉक्टर?"

"वांग्यात किती उतरलं ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण माती तपासा, विहीर तपासा, आणि गावातल्या सगळ्या लहान मुलांचं रक्त. आधी राख बंद करा."

त्यांनी राख त्याच दिवशी बंद केली आणि वांगी तोडणंही. ग्रामसभेत उभं राहून सगळं सांगितलं. रतिलाल शेठही आला होता, पांढऱ्या कपड्यांत, हातात मोबाइल. तो हसतच म्हणाला, "मावशी, राख मी विकली का तुम्हाला? तुम्हीच नेली. तुमच्याच पाटीतून गावात गेली."

दुसरी कुणी असती तर मान खाली घालून बसली असती. सुनंदाबाई म्हणाल्या, "हा. राख मीच उचली, पाटी मीच भरी. पन ती पैदा कोनी करी, ते बी सांगा."

शेठऐवजी बोलला तो सरपंच हितेंद्र. तरणा पोरगा, वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात गाव म्हणजे गावाचा बाजार. "काकू," तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखनी. बठ्ठा गावनं पोट या वांगासवर शे. उद्या देवपूरले कोन लेई?"

ते खरंच होतं. गावात निम्म्या शेतांत वांगी उभी होती आणि भट्टीवर गावची वीसेक पोरं कामाला. पेपरमध्ये एवढंच आलं होतं की अमुक गावात बालिकेच्या रक्तात शिसं, तरी व्यापाऱ्यांनी भाव पाडले होते. सभेने ठराव केला नाही, तपासणीची मागणी केली नाही. हितेंद्रने तोडगा काढला तो खास खानदेशी : भरीत पार्टी. शेठच्या खर्चाने, शिवारात, भर दुपारी. व्यापारी येतील, पेपरवाला येईल, गाव आपलीच वांगी पोटभर खाईल, फोटो छापून येतील, विषय संपेल.

आणि भरीत कुणी करायचं? अर्थात सुनंदाबाईंनी. एक तर त्यांच्या हाताची चव, आणि दुसरं म्हणजे जिची नात आजारी तीच बाई वांगी भाजतेय म्हटल्यावर कुणाचं तोंड उघडणार? हितेंद्र घरी येऊन पाया पडला.

"करसू," सुनंदाबाई म्हणाल्या. "पन वांगा, पानी, भांडा, बठ्ठं मी दखसू. कोनी मझार यवानं नही."

हितेंद्र उड्या मारत गेला. आतून नूतन आली. डिंपल तिच्या कडेवर होती, सहा वर्षांची पोर, पण आता चालली की दमायची. नूतन म्हणाली, "आई, खरंच जाशात का तठे भरीत कराले? या पोरकडे दखा आनी सांगा."

सुनंदाबाईंनी पोरीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले. रडणं त्यांना आवडत नसे, म्हणून त्या रागावून बोलल्या. "जासू. पन वांगा मन्हा शेतना नहीत. जितेंद्र बामनोदथून लई यी. मामाकडथून." त्यांचं माहेर यावल तालुक्यातलं बामणोद. तिथल्या भरताच्या वांग्यांचं नाव जळगावपासून पार सुरतेपर्यंत. गावाच्या पोरांच्या ताटात शंकेचं एकही वांगं पडू द्यायचं नाही, आणि सगळे जेवले की पेपरवाल्यासमोर उभं राहून सांगायचं, ही आपली वांगी नव्हेत, आपली तपासा. लोक चिडले तर चिडले. एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

पार्टीच्या दिवशी पहाटे जितेंद्रची पिकअप क्रेट भरून आली. पाणी धुळ्याहून जारचं आलं, भांडी मंडपवाल्याची. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, मोठा जाळ झाला आणि त्यावर वांगी पडली. साल काळी पडून तडकली की धुरासोबत जो वास सुटतो, त्याने शिवारातली कुत्रीसुद्धा शांत बसतात. बायांनी साली काढल्या. सुनंदाबाईंनी लाकडी बडजीत हिरवी मिरची, लसूण, मीठ कुटलं, त्यात वांग्यांचा गर चेचला, वरून कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे आणि तेलाची फोडणी. कढईतून पुऱ्या निघत होत्या. केळीच्या पानांवर पंगत बसली.

हितेंद्र पहिल्या रांगेत बसून बचकाभर भरीत खात होता. त्याचा पोरगा शेजारी. व्यापारी खात होते, बोटं चाटत होते. गिरधर आबा, सुनंदाबाईंचे थोरले दीर, ऐंशीकडे झुकलेले, दात चारच, पण भरताला दात कशाला लागतात? पेपरचा स्वप्नील मोबाइलवर सगळं टिपत होता. "काय चव आहे," तो तमाम मुलखाला सांगत होता, "आणि म्हणे या वांग्यांत विष."

सुनंदाबाई भांडं घेऊन वाढत वाढत खुर्च्यांपाशी आल्या. तिथे शेठ बसला होता. त्याच्या मांडीवरचं पान कोरं होतं.

"वाढू का, शेठ?"

"नको, मावशी. आज माझा उपास. गुरुवार."

शेजारचा मॅनेजर म्हणाला, त्याचाही. ड्रायव्हरही नेमका त्याच देवाचा भक्त निघाला. सुनंदाबाई हातातलं भांडं घेऊन तिथेच थांबल्या. हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. हा माणूस हटवादी आहे, लोभी आहे, हे त्यांना माहीत होतं. पण तो ज्याला चांगलं म्हणत होता ते स्वतःच्या तोंडात घालायला भितो, म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. सभेत हसला तेव्हाही ठाऊक होतं. समोर हितेंद्रचं पोरगं दुसऱ्यांदा मागून खात होतं आणि शेठ त्याच्याकडे बघत होता, काही न बोलता. सुनंदाबाईंच्या अंगाचा असा भडका उडाला की हातातलं भांडं त्याच्या डोक्यावर पालथं घालावं असं वाटलं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि पंगतीकडे वळल्या.

"आयका बठ्ठा जन. ह्या वांगा आपला गावना नहीत. बामनोदना शेतस, मन्हा माहेरना. पहाटे जितेंद्रनी आना. मन्हा शेतनं एक वांगं यामा नही. आपली माती तपासी नही तवलोंग मी कोनले आपलं वांगं खावाडनार नही, आनी इकनार बी नही."

पंगत थबकली. एक व्यापारी ओरडला, ही फसवणूक आहे. हितेंद्र घास हातात घेऊन उठला, चेहरा लाल. "काकू, हाई काय करं तुम्ही? आम्हनी इज्जत..."

स्वप्नीलने मोबाइल शेठकडे वळवला. पोरगं हुशार होतं, त्याने कोरं पान पाहिलं होतं. "शेठ, तुम्ही जेवला नाहीत. वांग्यांची भीती वाटली का?"

"भीती कसली?" शेठ मोठ्याने हसला. गाव बघत होतं, मोबाइल बघत होता, आणि वांगी तर बामणोदची निघाली होती. त्याचा जीव हलका झाला असणार. त्याने पान पुढे केलं. "वाढा, मावशी, वाढा. मी काय भितो का?" सुनंदाबाईंनी वाढलं. त्याने पुरीचा तुकडा मोडला, भरीत उचललं आणि सगळ्यांसमोर तोंडात घातलं.

कुणालाच पटकन उमगलं नाही. उमगलं ते गिरधर आबांना. ते तोंडातला घास गिळून शांतपणे म्हणाले, "शेठ, तुम्हना उपास सुटना का?"

मागून एक बाई फिसकन हसली. मग हसू थांबलं, कारण हसण्यासारखं काही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, आणि ते आता भर दुपारी साऱ्या शिवारात पडलं होतं. गावची वांगी आहेत असं वाटत होतं तोवर उपास. परगावची निघाली आणि उपास संपला. शेठ चावायचा थांबला. गिळवेना आणि टाकवेना. ज्यांची पोरं भट्टीवर कामाला होती त्या बाया एकेक करून उठल्या आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"वाढ माय नूतन," सुनंदाबाई म्हणाल्या, "शेठले आखो वाढ. आज त्यानं पोट भरू दे. उद्यापासून भट्टीना फाटकवर आम्ही बठ्ठ्या बाया बसनार."

शेठ पान टाकून गाडीकडे निघाला. त्याला कुणी थांबवलं नाही, पण वाटही कुणी सोडली नाही. त्याला पंगतीच्या कडेने, बांधावरून, काट्यांतून जावं लागलं. मॅनेजर त्याच्या मागे पळाला.

हितेंद्र अजून उभाच होता. हातातला घास त्याने पानावर ठेवला. त्याच्या शेतातली वांगी दुसऱ्या दिवशी बाजारात जायची होती, पिशव्या भरून तयार होत्या, हे साऱ्या गावाला माहीत होतं. तो सुनंदाबाईंजवळ आला. "काकू," तो खालच्या आवाजात म्हणाला, "माती तपासाले मन्ही बी लई चाला. मन्हा शेतनी."

सुनंदाबाईंनी पंगतीत बसलेल्या त्याच्या पोराकडे पाहिलं. पोरगं खाऊन झाल्यावर बोटाने मातीत रेघोट्या ओढत होतं आणि तेच बोट चोखत होतं.

"माती मंग," त्या म्हणाल्या. "पहिले तुन्हा पोरले लई चाल."