फक्त संशोधनासाठी

आईला जाऊन नऊ दिवस झाले होते. रविवारी तळवलीच्या समाजमंदिरात तिच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आदरांजलीचा, कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली की घरचा कर्ता माणूस उठून गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलतो. बाबा काय बोलणार, याचाच मैत्रीला घोर लागला होता.

कारण चौथ्या दिवशी, घर पै-पाहुण्यांनी भरलेलं असताना, ते भिंतीला टेकून, मैत्रीकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "औषध हिच्याच हाताखाली बनत व्हतं. फ्रीजमधी भरून ठिवलं व्हतं. पर आईला एक थेंब नाही दिला."

मैत्री पाण्याचे पेले गोळा करून मोरीत गेली आणि बराच वेळ ते घासत राहिली.

रबाळ्याच्या एका छोट्या कंपनीत ती एन्झाइम बनवते. माणसाचा एक जनुक जिवाणूंत घालायचा, त्यांच्याकडून ते तयार करून घ्यायचं, शुद्ध करायचं आणि इवल्या कुप्यांत थेंब थेंब भरायचं. पेशीला जी प्रथिनं मोडीत काढायची असतात त्यांच्यावर युबिक्विटिन नावाची एक खूण लागते. हे एन्झाइम ती खूण सोडवतं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, पेशीची ही मोडीत काढण्याची व्यवस्था बिघडत असावी, असं संशोधकांना वाटतं. म्हणून ते या कुप्या मागवतात.

आईला कंपवात होता. बाबांना, दत्तू पॅकरला, एवढं पुरेसं होतं. त्यांनी त्याच रबाळ्यात औषधाच्या कारखान्यात तीस वर्षं पॅकिंग केलं होतं. कुपीत भरलं, लेबल लावलं, बाहेर पडलं, की ते औषधच. दुसरं काही कुपीत भरतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शनिवारी मैत्रीने प्रयोगशाळेच्या प्रमुख सुनीतीमॅडमची परवानगी काढली आणि बाबांना प्रयोगशाळेत नेलं.

"हातमोजे घाला, बाबा."

"मला शिकवती व्हय? तू जन्मायच्या आदीपासून घालतोय."

उणे ऐंशीच्या फ्रीजरचं दार उघडलं तशी थंड वाफ दोघांच्या पायांवर उतरली. मैत्रीने कुप्यांचं एक खोकं काढून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा सारखा केला. खोकं उजेडाकडे तिरपं धरून अंगठा लेबलाच्या कडेवरून फिरवला. कडा उचलली आहे का, ते बघत होते.

"बॅच नंबर हाय. तारीख हाय." मग ते अडले. "डोस कुठंय? आन् लाल रेघ?"

"नाही."

"रेघ राहिली तर आमचा पुरा लॉट माघारी यायचा."

"राहिली नाही बाबा. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांना असते, यावर नसतेच. खाली वाचा."

त्यांनी इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली. फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये. पुन्हा एकदा वाचलं. डोळ्यांवर विश्वास बसेना, पण लेबलावर होता.

"सुईनं दिलं असतं तर?"

"रक्तातच संपलं असतं. मेंदूपर्यंत पोचलंच नसतं. वर तिला त्रास झाला असता तो वेगळा. नवी औषधं पारखायला वापरतात हे. खरं औषध निघायला कितीतरी वर्षं जातील. निघेलच असंही नाही."

"मंग तवाच का नाही बोललीस?" त्यांचा आवाज चढला. "मी रोज तिला म्हनायचो, दम धर, पोरगी औषध काढतीया. तू ऐकत व्हतीस!"

ज्या प्रश्नाची ती वाट बघत होती तो हाच.

"आईनं नको म्हटलं होतं. तिला मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी सगळं सांगितलं. ती म्हणाली, यांना सांगू नको. हात धरून रोज मला चालवतात ते त्याच भरवशावर. भरवसा गेला तर माझ्या आधी हेच अंथरूण धरतील."

"तिला ठाव व्हतं?"

"हो."

"सा वर्सं? दोघींनी मिळून मला येडं केलं."

"हो, बाबा."

आईच्या आड लपायचं तिच्या जिवावर आलं. नको म्हणणारी आई होती, पण गप्प बसणारी तीच होती. आणि गप्प बसणं तिला सोपंही गेलं होतं.

बाबांनी खोकं परत दिलं. "ठिव आत. गरम व्हईल."

रविवारी वंदना झाली आणि बौद्धाचार्यांनी त्यांचं नाव पुकारलं. बाबा उठून मंचावर गेले. माइक हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. मैत्रीचा भाऊ संघर्ष पुढे सरकला, तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं.

"चौथ्या दिवशी मी जे बोललो ते चूक व्हतं," ते म्हणाले. "मी परवा माझ्या डोळ्यानं... काल, काल बघून आलो. तसलं औषध अजून कुठंच नाही. पोरीनं काही दाबून ठिवलं नव्हतं. चांगुणाला ठाव व्हतं आपन बरं होनार नाही. ठाव असून ती माझा हात धरून रोज चालायची. मला वाटायचं, मी तिला चालवतोय."

माइकमधून नुसता श्वास ऐकू आला. मग त्यांनी तो ठेवून दिला.

पोरीलाही ठाऊक होतं आणि तिनेही ते लपवलं, हे त्यांनी सांगितलं नाही. मैत्रीला मान वर करवली नाही. बाबा खाली उतरले. पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती ओलांडून ते मागे आले आणि गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, तिच्या शेजारी सतरंजीवर बसले.