शिकवणाऱ्याची सीट

तीस वर्षं मास्तरांनी अख्ख्या गावाला गाडी चालवायला शिकवलं, फक्त बायकोला सोडून. "बायकोला शिकवायला गेलं की आधी गिअर मोडतो, मग संसार," असं ते चारचौघांत सांगायचे आणि लोक खो खो हसायचे. तीही हसायची, पण मनातून तिला ते लागायचं.

त्यामुळे या ज्वालामुखीच्या बेटावर सुट्टीला आल्यावर गाडी भाड्याने घ्यायची की नाही, यात तिला कोणी विचारलंच नाही. काउंटरवरच्या मुलीने किल्ली देताना बजावलं, "डोंगर घुमायला लागला तर थांबू नका, सरळ खाली या. तेव्हा तुम्हाला न्यायला वर कोणी येत नाही." मास्तरांनी हो-हो केलं आणि आपल्या गाडीला आजवर साधा ओरखडा नाही, हेही त्या मुलीला ऐकवलं.

इथे स्टेअरिंग डावीकडे होतं. "म्हणजे माझी घरची बाजू!" मास्तर खूश झाले. शिकवण्याच्या गाडीत ते जन्मभर डावीकडेच बसले होते. पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक असायचा. स्टेअरिंग मात्र उजवीकडच्या शिकाऊ माणसाच्या हातात.

दुपारी ज्वालामुखी बघून ते उतरायला लागले आणि डोंगर घुमला. तिला तो आधी सीटमध्ये जाणवला, मग दाढांमध्ये. वरून काळी खडी सुटून रस्त्यावर आली. उजवीकडे, तिच्याच खिडकीखाली, दरी होती. समोर वळण होतं. मास्तरांनी कचकन ब्रेक दाबला, दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढले आणि तिच्याकडे बघत ओरडले, "डावीकडे घे! अगं, डावीकडे घे की!"

क्षणभर तिला काही कळेचना. मग कळलं. गाडी कोणीच चालवत नव्हतं.

तिने झेपावून स्टेअरिंग धरलं आणि जीव खाऊन डावीकडे लोटलं. सांडलेल्या मोहरीवर पाय घसरावा तशी चाकं घसरली आणि गाडी थांबली. तिने खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता दिसतच नव्हता.

"अहो, हात का सोडलेत?"

मास्तर आपल्या तळव्यांकडे बघत होते. "मला वाटलं, तू चालवतेयस."

"मी?"

"डावीकडे मी, उजवीकडे कोणीतरी. तीस वर्षं तेच…" ते अजून तळव्यांकडेच बघत होते. या माणसाला घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. आता डोंगरापेक्षा तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

डोंगर पुन्हा घुमला. फोनला रेंज नव्हती. पायी निघावं तर नऊ किलोमीटर आणि तिचे गुडघे. थांबावं तर डोक्यावर ती खडी.

"तू मागे बस," मास्तर म्हणाले. "माझ्या पाठीमागे. आणि काही झालं तरी तोंडातून आवाज काढू नकोस. शेजारी कोणी आहे असं वाटलं की माझे हात सुटतील. गाडीत मी एकटाच आहे, असं वाटू दे मला."

"आणि मला काही दिसलं तर?"

"तरी नाही."

तिच्या बाजूचं दार उघडायची सोय नव्हती. दोन सीटांमधल्या फटीतून ती कशीबशी मागे गेली. एरवी तिची ती कसरत बघून मास्तर पोट धरून हसले असते. गाडी हलली. तिला समोर त्यांचं टक्कल दिसत होतं आणि स्टेअरिंगवरची बोटं. ती बोटांवरून नजर हलवेना.

तिसऱ्या वळणावर टपावर दाणकन दगड पडला. किंकाळी गळ्यापर्यंत आली. तिने पर्सचा पट्टा दातांखाली धरला. मास्तरांची बोटं उचलली गेली, हवेत थबकली आणि पुन्हा स्टेअरिंगवर आवळली गेली.

पुढे बराच वेळ नुसती खडी वाजत राहिली. मग एका लांब वळणाच्या तोंडाशी मास्तरांचा आवाज आला, पहिल्यांदा गाडीत बसलेल्या शिकाऊ पोरासारखा.

"अगं, आहेस ना?"

तिचे डोळे भरून वाहत होते. तिने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबलं आणि उत्तर दिलं नाही.